एका वायरीवर दोघं

गाणं कानात चालूच होतं आणि तिच्या उजव्या गालावर एकदम ऊन पडलं. झालं ते एवढंच. नवरा उंच, ती त्याच्या खांद्याइतकी, आणि संध्याकाळच्या फेरीत तो नेहमी उन्हाच्या अंगाला, त्यामुळे पुलापासून बागेच्या फाटकापर्यंत तिच्या गालाला ऊन म्हणून कधी लागलंच नव्हतं. आधी तिला बरंच वाटलं. मग गाल ऊबदार का झाला ते ध्यानात आलं आणि तिनं मान वळवली. शेजारी फुटपाथ होता. फुटपाथवर माणसं होती, पिशव्या होत्या, एक कुत्रं साखळी ओढत आपल्या मालकिणीला घेऊन चाललं होतं. तो नव्हता. आणि कानातली बाई मात्र कडव्याची शेवटची ओळ जराही न अडखळता गात होती, जणू सगळं जागच्या जागी आहे.

त्या न अडखळण्याचाच तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. समोर भोकांचा उभा फळा, पुढ्यात दोऱ्या, दोरीच्या टोकाला पितळी पिन. एकाच्या भोकात एक पिन घालायची, दुसऱ्याच्या भोकात दुसरी, की झाली दोन माणसं जोडून. त्या खोलीत मुलींच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट भरवली जायची. सुपरवायझर बाई पाठीमागून फेऱ्या मारत म्हणायच्या, ‘पोरींनो, लाइन बोलतेय ना? मग तिच्याकडे पाहू नका, ती सुखात आहे. जी गप्प झाली तिच्याकडे बघा.’ इतकी वर्षं हे ऐकल्यावर माणसाचे डोळे आळशी होतात आणि कान मालक होतो. पोरं लहान होती तेव्हाही स्वयंपाकघरातून ती त्यांच्याकडे बघायची नाही. भांडताहेत, म्हणजे ठीक आहेत. दुसरी कुणी बायको असती तर चालताना घडीघडी शेजारी बघत गेली असती. ती बघत नव्हती, कारण कानात गाणं वाहत होतं, म्हणजे लाइन सुखात होती. तिच्या कानाचं काहीच चुकलं नव्हतं. लाइनच नव्हती.

तो सापडला रस्त्यापलीकडे, बँकेच्या दारात. पहारेकऱ्याच्या पुढ्यात उभा राहून त्यानं त्याच्या सदऱ्याची पट्टी दोन बोटांत धरली होती. ‘श्वास सोडा,’ तो पहारेकऱ्याला सांगत होता, ‘पोट आत घेऊन माप देऊ नका. नंतर मलाच नावं ठेवाल.’ पहारेकरी बिचारा खरंच श्वास सोडून उभा होता. सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं आणि त्या जागी तो कानातला पांढरा गोळा धरून, डोळे बारीक करून बघत होता. ती धापा टाकत पोचली तसं त्यानं सहज वळून तिला म्हटलं, ‘रंग जुळत नाही. पण आकार चालेल.’ म्हणजे झालं असं होतं. फोन तिच्या पिशवीत, दोघांच्या कानात बिनवायरीचा एकेक गोळा. तो रेंगाळला, मागे पडला, रस्ता ओलांडून गेला, तशी त्याच्या कानातली बाई गप्प झाली. मग कानात नुसताच एक गोळा उरला, तो त्यानं काढून हातावर घेतला, आणि उभा जन्म कपडे कापण्यात गेलेल्या माणसाला तो गोळा जे दिसायला हवं तेच दिसला. तिनं पहारेकऱ्याची माफी मागितली. पहारेकरी म्हणाला, ‘असू द्या बाई. बटणाचं खरंच आहे. बायको रोज सांगते.’ घरी येईपर्यंत तो आपला खुशीत, एक गिऱ्हाईक झाल्यासारखा.

त्याचा हात धरून का नेत नाही, असं लोक तिला विचारत. लोकांना काय जातंय विचारायला. त्याचं विसरण्याचं दुखणं सुरू झालं तेव्हा पहिलं तेच करून पाहिलं होतं. त्यानं आयुष्यात रस्त्यावर तिचा हात धरला नव्हता, लग्नाच्या नवेपणातसुद्धा नाही. हात ही कात्रीची जागा. आता कुणी मनगट धरलं की तो घाबरायचा, खेचून घ्यायचा, म्हणायचा, ‘मी काय केलंय? मला कुठे नेताय?’ आणि आजूबाजूची माणसं तिच्याकडे संशयानं बघायची. मग एका दुपारी ती खिडकीत बसून फोनवर गाणी ऐकत होती, वायर लावून, आणि तो येऊन शेजारी बसला, तिच्या एका कानातला बोंडा काढून आपल्या कानात घातला आणि पाय हलवू लागला. ती वायर त्याच्या गळ्यावरून सदऱ्यावर लोंबत होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं की या माणसाच्या गळ्यात चाळीसेक वर्षं मापाची टेप होती. जेवताना असायची, एकदा तर नातेवाइकांच्या लग्नात फोटोतही आली. गळ्यात काहीतरी लोंबतंय म्हटल्यावर तो स्वस्थ झाला. टेप सापडली होती. त्याच संध्याकाळी ती त्याला तसाच घेऊन बाहेर पडली, एक बोंडा त्याला, एक तिला, मध्ये वायर, वायरीच्या खाली दोन्ही टोकं एक होऊन तिच्या पिशवीतल्या फोनमध्ये. तो रेंगाळला की तिच्या कानाला ओढ बसे. ती पुढे गेली की त्याच्या कानाला. मग थांबायचं, एकमेकांकडे बघायचं, पुन्हा चालायचं. कुणी कुणाला नेत नव्हतं. वर्षभर ते असे हिंडले, आणि गल्लीतल्या पोरी त्यांच्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, ‘बघ, आजी-आजोबांचं कसं चाललंय.’ ती आतून फुलायची. तरुणपणी जे कुणी पाहिलं नाही ते आता पाहत होते.

मग फोनची बॅटरी उशीसारखी फुगली. थोरला मुलगा दूरच्या शहरात असतो. त्यानं तिथूनच नवा फोन पाठवला, आणून देणारा माणूस जुना घेऊनही गेला. नवा पातळ, गुळगुळीत, हातात मासा धरल्यासारखा. ती वायर घेऊन बसली आणि तिनं अंगठ्यानं चारही कडा चाचपून पाहिल्या. पुन्हा एकदा पाहिल्या. फोन उलटा केला, चष्मा बदलला. अंधारातही वायरीचं जे भोक तिच्या बोटांना सापडायचं ते उजेडात सापडेना. एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी ते फळे भिंतीवरून उतरवून नेले होते आणि भिंतीवर नुसते चौकोन उरले होते, बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. तेव्हाही तिची बोटं अशीच चाचपत राहिली होती. मुलाला फोन लावला तर तो हसला. ‘आई, आता भोक नसतंच. डबीत दोन गोळे आहेत बघ, ते कानात घाला. वायरीचा गुंता नको, काही नको. सुटलात.’ सुटलात, तो म्हणाला. त्याचा शब्द किती खरा होणार होता ते त्याला बापड्याला काय ठाऊक.

बँकेच्या दारातली बातमी तिच्या आधी लेकीच्या दुकानात पोचली. धाकटी लेक दोन गल्ल्या सोडून राहते, औषधांच्या दुकानात असते. ती तशीच ॲप्रनवर आली, औषधांचा कडवट वास घेऊन, आणि तिनं फोनवर भावाला बोलावलं, स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. त्या टेबलाशी एका टोकाला तो बसला होता आणि टेबलक्लॉथची कड बोटानं मोजत होता.

‘आई, बास झालं,’ लेक म्हणाली. ‘आता बाबांना बाहेर न्यायचं नाही. मी रोज येईन, गच्चीवर फिरवू.’

‘गच्चीवर वाळवणं फिरवतात,’ ती म्हणाली. ‘माणूस रस्त्यावर फिरतो.’

फोनमधून मुलगा म्हणाला, ‘मी एक छोटं यंत्र पाठवतो. गळ्यात अडकवायचं. ते कुठे गेले ते तुला नकाशावर दिसेल.’

‘मला ते कुठे गेले ते बघायचं नाहीये रे. मला ते जायलाच नको आहेत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मला भोकाचा फोन द्या.’

‘आई, ते भोक उगाच नाही काढलं. त्याला आत जागा लागते. त्यातून धूळ जाते, पाणी जातं. ते काढलं की बॅटरी मोठी बसते. यावर जगभर भांडून झालंय आणि आता भांडण संपलंय.’

‘जिंकलं कोण?’

‘भोक नसलेले.’

‘त्या भांडणात माझ्या वयाचं कुणी होतं?’

मुलगा समजुतीच्या स्वरात म्हणाला, ‘अगं, खरंच जागेचा प्रश्न असतो.’

‘जागा कुणाला लागत नाही?’ ती म्हणाली. ‘मलाही लागते. तुझ्या बापाच्या शेजारी.’

लेक खिडकीकडे बघू लागली. ती मनानं वाईट नव्हती; घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला काही पटवता येत नाही, हे आईला एक्स्चेंजमध्येच कळलं होतं; तिथं घाबरलेल्यांना पटवायचं नसतं, नुसतं जोडून द्यायचं असतं. शेवटी लेक म्हणाली, ‘ठीक. तुला हवा तसा फोन मिळव. रविवारी तुम्ही फिरायला निघा, मी मागून चालेन. मधे पडणार नाही. पण बाबा एकदा जरी तुझ्यापासून सुटले, तर गच्ची. पुन्हा वाद नाही.’

‘चोर सोडून संन्याशाला सुळी देताय,’ ती म्हणाली. पण तिनं कबूल केलं. दुसरं होतं काय हातात? मधले दिवस वाईट गेले. फेरीची वेळ झाली की तो उठायचा, सदरा खाली ओढून नीट करायचा, दाराशी जाऊन कडीला हात लावायचा आणि तिच्याकडे बघायचा. ‘निघायचं?’ ‘आज नको,’ ती म्हणायची. तो कारण विचारायचा नाही. खिडकीपर्यंत जायचा, परत दाराशी यायचा, कडीला हात लावायचा, आणि पुन्हा नव्यानं विचारायचा, ‘निघायचं?’ विसरणाऱ्या माणसाला नकार द्यायचा म्हणजे तो पहिल्यांदाच दिल्यासारखा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. लेकीनं मधेच एक शेपूट आणून दिलं, फोनच्या चार्जिंगच्या तोंडात खुपसायचं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला वायर लावायची असं. तिनं जिन्यातच लावून पाहिलं. पहिल्या वळणावर तो कठड्याची धूळ बघायला वाकला, शेपूट बाहेर आलं, गाणं बंद पडलं, आणि तो तिथेच पायरीवर बसून बुटाची नाडी सोडू लागला. घरी आलो असं त्याला वाटलं.

फोनच्या दुकानात ती त्याला घेऊनच गेली, लेकीच्या गाडीतून, लेक बाहेर थांबली. काउंटरवर लांब नखांची एक मुलगी होती. मुलगी गोड होती आणि गोडपणाच तिच्या कामाचा होता. ‘आजी, भोकाचा फोन आता कुणी घेत नाही,’ ती म्हणाली.

‘मी घेतेय ना. मी कुणी नाही का?’

‘तसं नाही हो. आता सगळं वायरीशिवाय. वायर म्हणजे जुनं.’

‘मीही जुनीच आहे. मला काढताय का शेल्फातून?’

मागे रांगेत कुणीतरी हसलं. पार्सलं पोचवणारा एक जाडजूड माणूस हेल्मेट काखेत धरून उभा होता, तो म्हणाला, ‘बाई बरोबर बोलतायत. माझे असले गोळे आतापर्यंत गटारात किती गेले, विचारू नका. गाडीवर एक पडतो, दुसरा एकटा काय कामाचा?’ एका गळाबंद कोटातल्या गृहस्थांना हे आवडलं नाही. ‘पण गुंता किती व्हायचा,’ ते म्हणाले, ‘खिशातून काढली की आधी सोडवत बसा.’ ‘तुम्हाला संसारात गुंता चालतो का?’ पार्सलवाला म्हणाला. ‘म्हणून तर एकटा राहतो,’ गृहस्थ म्हणाले, आणि सगळी रांग हसली, ते स्वतःसुद्धा. एक शिकाऊ गायिका होती, कुणी न विचारता तिनं सांगितलं की त्या गोळ्यांत सूर क्षणभर उशिरा येतो, रियाजाला अजिबात चालत नाही. मग बाजू पडत गेल्या. कुणी म्हणे पाणी जातं, कुणी म्हणे रोज तीन-तीन वस्तूंना चार्जिंग कोण करत बसणार. ती मधे उभी होती आणि तिला एकाएकी फार वर्षांनी आपल्या बोर्डापुढे बसल्यासारखं वाटलं. सगळ्या लाइनी एकदम पेटलेल्या, प्रत्येकाला बोलायचंय, आणि जग भांडतंय, म्हणजे ठीक आहे. म्हणजे भांडण संपलेलं नव्हतं. मुलाला कुणीतरी खोटं सांगितलं होतं. तिचा नवरा तेवढ्यात काउंटरवर वाकून त्या मुलीच्या बाहीची शिवण बघत होता. ‘हात वर केला की खांद्यात ओढते ना?’ त्यानं विचारलं. मुलीनं हात वर करून पाहिला. ‘ओढते हो आजोबा,’ ती म्हणाली, आणि का कोण जाणे, खाली वाकून सगळ्यात तळाचा खण उघडला. त्यातून निघाला एक बुटका, जाड, बेढब फोन, शाळकरी पोरांच्या कंपासपेटीसारखा. कडेला भोक होतं. तिनं पिशवीतून वायर काढली. पिन आत गेली तेव्हा बोटांना तो लहानसा अडथळा लागला, मग तो ओलांडला गेला, मग घट्ट झालं. तिनं डोळे मिटले. दोन बाजूंची माणसं तिच्या हातात होती आणि आता ती बोलू शकत होती.

रविवारी निघाले. लेक मागे, ठरल्याप्रमाणे अंतर ठेवून, हाताची घडी घालून, चेहरा परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा. पुलापर्यंत सगळं शिस्तीत झालं. गाणं दोघांच्या कानात, वायर सैल. पण तिच्या मानेत ताठरपणा होता. ती त्याच्याकडे बघत होती, सारखी बघत होती, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की आपण ऐकतच नाही आहोत, गाण्यातलं एक अक्षर आत गेलेलं नाही. तो थांबला तर? गर्दीत शिरला तर? कुणाची तरी कॉलर वाकडी दिसली तर? आणि पुलाच्या टोकाला नेमकं तेच झालं. तिला बागेकडे सरळ जायचं होतं, आणि तिच्या कानाला डावीकडे ओढ बसली. तो डावीकडे वळला होता. ती गल्ली तिनं कधी पाहिली नव्हती, अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, रविवारची माणसं दाटलेली. क्षणभर ती कोपऱ्यावर उभी राहिली. वायर ताणली गेली. मागे लेक बघत होती, हे तिला पाठीवर कळत होतं. आपण ओढलं तर बोंडा निसटेल. सोडलं तर तो जाईल. वर्षभर ती त्याला नेत होती, नेत नाही असं स्वतःला सांगत, पण बाग तिची होती, पूल तिचा होता, परतायची वेळही तिचीच. त्याला कुठे जायचंय असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं, कारण विचारून काय उपयोग, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, तिनंही. ओढ पुन्हा बसली, हळूच, दार वाजवल्यासारखी.

ती वळली. त्याच्या मागोमाग गर्दीत शिरली. तो ढांगा टाकत चालला होता, एका बाजूनं, मधूनच कुणाला तरी जागा देत, आणि तिला वायरीच्या टोकाला त्याच्याबरोबर लगबग करावी लागत होती. पिशवी पोटाशी, एक हात गर्दीतून वाट काढायला. बादल्यांचं दुकान गेलं, चष्म्याचं गेलं, कुलुपं दुरुस्त करणारा एकजण गेला. पुढे आणखी एक वळण आलं, तो वळला, ती वळली. तिनं बघणं कधी सोडून दिलं ते तिला कळलंही नाही. कानाला कळत होतं, तो अर्धं पाऊल पुढे आहे, आता बरोबरीला आहे, आता जरा मागे, आता पुन्हा पुढे. कडवं सुरू झालं आणि या खेपेस ते शब्दाशब्दानं आत आलं. तिला वाटलं, आपण या वयात धावतोय. आणि पाठोपाठ वाटलं, बरं वाटतंय.

गाणं थांबलं आणि कानात घंटी वाजू लागली. दोघंही जागच्या जागी थबकले, कारण घंटी दोघांच्या कानात होती. तिनं हात लांब करून त्याच्या गळ्याखालच्या वायरीवरची कळ दाबली. ‘आई,’ लेकीचा आवाज आला, दमलेला, ‘कुठे आहात तुम्ही? मी त्या बादल्यांच्या दुकानापाशी उभी आहे. मला तुम्ही दिसतच नाही.’

‘आम्ही आहोत,’ ती त्याच्या गळ्याशी तोंड नेत म्हणाली. ‘दोघंही.’

‘बाबा?’

‘हे काय, इथे. एका वितीवर.’

पलीकडे लेकीचं हसू फुटलं, रडू फुटावं तसं. ‘म्हणजे सुटले ते मीच,’ ती म्हणाली. ‘आता मी काय करू?’

तिला उत्तर द्यायचं होतं, पण बोलायचं भोक त्याच्या बाजूच्या वायरीला होतं आणि तो ते सगळं ऐकत होता, मान किंचित वाकडी करून, बिनवेळेला आलेल्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं. ‘दुकान बंद आहे,’ तो म्हणाला. स्वच्छ, खणखणीत, तिला वाटलं होतं कायमचा गेला त्या आवाजात. ‘आज काही होणार नाही. उद्या या. आम्ही दोघं फिरायला निघालोय.’

‘बरं,’ लेक म्हणाली. ‘बरं, बाबा. फिरा. मी घरी जाऊन चहा टाकते, याल तेव्हा या.’

फोन बंद झाला. गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं, दोघांच्या कानात एकदम. त्यानं सदरा खाली ओढून नीट केला आणि पाऊल उचललं, आणि ही गल्ली कुठे जाते ते काहीच ठाऊक नसताना ती त्याच्याबरोबर ऐटीत निघाली.